जॉब वाजतो तेव्हा

जॉब वाजायला लागला की ऑपरेटरचा हात पहिल्यांदा स्पीडच्या नॉबकडे जातो. आवाज किंचाळल्यासारखा झाला, पृष्ठभागावर तिरके चट्टे उठले, की नॉब शंभर टक्क्यांवरून ऐंशीवर, ऐंशीवरून साठवर येतो. कधी आवाज थांबतो. कधी तो आणखी चढतो, आणि मग मशीन जुनं झालं, बेअरिंग गेलं, मटेरियल हलकं आलं, कटर बदला, अशी चर्चा सुरू होते. भोसरीपासून शिरोलीपर्यंत कुठल्याही शेडमध्ये हे पाहायला मिळतं. जाड जॉबवर असल्या अंदाजाने काम निभावून जातं. भिंत दीड-दोन मिलिमीटरवर आली की निभावत नाही.

हे पुस्तक अशा पातळ जॉबांसाठी आहे आणि त्याचा आग्रह एकच आहे: नॉबला हात लावण्याआधी थरथरतंय काय आणि कुठल्या सुरात, हे शोधा. कापताना होणारा आवाज हे एक मोजमाप आहे. ते फुकट मिळतं आणि ते घ्यायचं साधन आज प्रत्येक ऑपरेटरच्या खिशात असतं. ते न घेता केलेला उपाय लागू पडलाच, तर तो का लागू पडला हे कळत नाही, आणि पुढच्या जॉबला त्याचा उपयोग होत नाही.

पातळ जॉब ही आता मोजक्या मोठ्या कारखान्यांची मक्तेदारी राहिलेली नाही. ओझरला १९६४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना उभा राहिला. विमानाच्या रिब, बल्कहेड, चौकटी ॲल्युमिनियमच्या सलग ठोकळ्यातून कोरून काढतात तेव्हा मूळ ठोकळ्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग चिप होऊन जातो आणि उरतात त्या फक्त भिंती. अशी कामं हळूहळू बाहेरच्या जॉब शॉपकडे जाऊ लागली. त्यांच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक्सची हाउसिंग, पंपांचे इंपेलर, पातळ बुश आणि रिंगा आल्या. ड्रॉइंगवर ‘भिंत १.५’ असं साधंसं लिहिलेलं असतं. कोट देणारा माणूस त्यात साधारण किती मटेरियल काढायचं एवढंच बघतो, आणि खरी अडचण पहिला नग लावल्यावर समोर येते.

ही अडचण किती मोठी आहे, हे एका साध्या नियमावरून कळतं. खालून पक्क्या आणि वरून मोकळ्या भिंतीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाने बदलतो. जाडी निम्मी केली की ताठपणा एक अष्टमांश होतो. उंची दुप्पट केली तरी तेवढाच घसरतो. म्हणजे २० मिमी उंच आणि ३ मिमी जाड भिंतीवर रुळलेला हात ४० मिमी उंच आणि १.५ मिमी जाड भिंतीवर गेला, तर तो चौसष्ट पटींनी लवचीक जॉब कापत असतो. प्रोग्रॅम बहुधा तोच, कटर तोच, फीडही तोच. धातू कुठला हेही पाहावं लागतं: ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश ताठ असतं, टायटॅनियम निम्म्याच्या थोडं पुढे.

आता या थरथरीकडे, म्हणजे चॅटरकडे वळू. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने धातू कापण्याच्या शास्त्रावर सव्वीस वर्षं प्रयोग केले, त्यात आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाच्या चिप केल्या, आणि १९०६ साली त्याचं सगळं फलित अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या सभेपुढे मांडलं. स्पीड, फीड, टूलचे कोन, टूलचं आयुष्य, सगळ्याचे नियम त्याने बसवले. चॅटरपाशी मात्र तो थबकला. कारागिरापुढच्या प्रश्नांमध्ये सर्वांत अंधूक आणि नाजूक प्रश्न हाच, असं त्याने नोंदवलं. मला त्याच्या या कबुलीबद्दल फार आदर वाटतो. इतका प्रचंड अनुभव गाठीशी असूनही त्याने या एका जागी ठोकताळा देऊन वेळ मारून नेली नाही.

उलगडा व्हायला आणखी अर्धं शतक लागलं. प्रागमध्ये यिर्झी ट्लुस्टी आणि इंग्लंडमध्ये टोबायस, या दोघांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतंत्रपणे एकच गोष्ट दाखवून दिली. कटरचा एक दात कापत असताना भिंत थरथरते, म्हणून त्या दातामागे पृष्ठभागावर लाट उरते. पुढचा दात येतो तो सपाट धातू कापायला नाही, ती लाट कापायला. भिंत त्या वेळीही थरथरतच असते. जुनी लाट आणि नवी थरथर बरोबर जुळून चालल्या, तर चिपची जाडी सगळीकडे सारखी राहते, कापण्याचं बळही सारखं राहतं, आणि थरथर आपोआप विरते. त्या जुळल्या नाहीत तर चिप क्षणात जाड, क्षणात पातळ होते, बळ त्याच लयीत वरखाली होतं, आणि प्रत्येक दात आधीच्या दाताने ठेवलेल्या लाटेतून थरथरीला खतपाणी घालत जातो. मोटर निर्दोष, बेअरिंग नवं, कटर संतुलित असूनही जॉब किंचाळतो तो यामुळे. ट्लुस्टींनी १९६८ नंतर देश सोडला आणि पुढचं काम कॅनडात व मग फ्लोरिडात केलं. त्यांचे विद्यार्थी युसूफ अल्टिंटाश आणि अल्टिंटाश यांचे सहकारी एर्हान बुदाक यांनी १९९५ साली मिलिंगसाठी हे गणित अशा रूपात आणलं, की कुठल्या आरपीएमला किती डेप्थ चालेल याचा आलेख थेट काढता यावा. आज मोठ्या कारखान्यांत वापरली जाणारी सॉफ्टवेअर बरीचशी याच कामावर उभी आहेत.

त्या आलेखाचा अर्थ एका भिंतीवर पाहू, म्हणजे नॉबचा मुद्दाही स्पष्ट होईल. ॲल्युमिनियमची लांबलचक भिंत, ४० मिमी उंच, १.५ मिमी जाड, खाली पक्की. तिची स्वाभाविक वारंवारता साधारण ८०० हर्ट्झ निघते. चार दातांचा एंडमिल १२,००० आरपीएमला फिरला, तर सेकंदाला बरोबर ८०० दात भिंतीला भेटतात. प्रत्येक दातामागे भिंतीचं एक पूर्ण हेलकावणं होतं, लाटा जुळतात, आणि डेप्थ बरीच वाढवता येते. ६,०००ला दोन दातांच्या मध्ये भिंत दोनदा हेलकावते, तिथेही जुळतं, जरा कमी. ४,०००ला तीनदा. या मोकळ्या जागांच्या मधला प्रदेश वाईट. आता १२,००० ही जागा किंचित चुकली आणि जॉब वाजायला लागला, म्हणून ऑपरेटरने नॉब ऐंशी टक्क्यांवर आणला, तर तो ९,६००वर पोचतो. म्हणजे थेट त्या वाईट प्रदेशात. त्याला थोडंसं वर जायला हवं होतं.

वर जायचं की खाली, हे फोन सांगतो. आवाजातल्या वारंवारता पट्ट्यांच्या रूपात दाखवणारं कुठलंही मोफत ॲप चालतं. ९,६००ला चार दातांचा कटर सेकंदाला ६४० वेळा आपटतो, तेव्हा ६४० आणि १,२८० इथे काड्या दिसणारच, त्या कापण्याच्याच आहेत. पण ८२०च्या आसपास एक उंच, वेगळी काडी उभी असेल, तर ती भिंतीची. खात्री करायची तर स्पीड पाच टक्क्यांनी बदलून पाहावा. स्पीडबरोबर त्याच प्रमाणात सरकते ती काडी कटरची किंवा स्पिंडलची, जागेवर थांबते ती चॅटरची. मग ८२० गुणिले ६०, भागिले ४ दात, म्हणजे १२,३००. त्याचं निम्मं ६,१५०, एक तृतीयांश ४,१००. या तीन स्पीडपैकी मशीन आणि कटरला जो झेपेल तो लावावा. १२ मिमीच्या कार्बाइड एंडमिलला १२,००० आरपीएम म्हणजे मिनिटाला सुमारे ४५० मीटर होतात. ॲल्युमिनियमला हा वेग काहीच नाही.

कापून झालेल्या जॉबवरूनही हे काढता येतं. लेथवर मिनिटाला १०० मीटर वेगाने टर्निंग केलंय आणि चट्टे एकमेकांपासून २ मिमीवर आहेत असं समजा. १०० मीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १,६६७ मिमी. त्याला दोनाने भागलं की सुमारे ८३३ हर्ट्झ. रिजेक्ट म्हणून बाजूला टाकलेला नगही अशी साक्ष देतो, म्हणून तो भंगारात जाण्याआधी भिंगाखाली धरून पाहावा.

जाणकार वाचक इथे शंका काढील की दात आणि भिंत यांची वारंवारता एक झाली तर तो अनुनाद, मग भिंत उलट जास्त हलणार नाही का? शंका रास्त आहे. चॅटर नसलेल्या जागीही भिंत दातांच्या ठोक्यांनी हलते, आणि बरोबर त्या बिंदूवर ती हालचाल मोठी असते. पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, पण माप चुकतं, आणि आरपीएम जरासा बदलला तर चूक जास्तीकडून उणेकडे उडी मारते. म्हणून फिनिशिंगला त्या बिंदूच्या जरा बाजूला राहून मायक्रोमीटरने भिंतीचा वरचा, मधला आणि खालचा भाग तपासून स्पीड पक्का करावा. आरसा झालेल्या भिंतीवर विसंबून पुढचे नग लावू नयेत.

स्पीड कमी केल्याने आवाज जातो, हा अनुभव खोटा नाही. कापण्याचा वेग फारच कमी झाला की लाटा इतक्या जवळजवळ येतात की टूलची पाठ त्यांवर घासते आणि थरथरीची ऊर्जा त्या घर्षणात संपते. पोलाद आणि टायटॅनियम हळू कापताना हा आधार मोलाचा असतो. ॲल्युमिनियम ज्या वेगाने कापतात तिथे तो मिळत नाही. जुन्या लेथवर तयार झालेला हात व्हीएमसीवर फसतो त्याचं मोठं कारण हेच आहे.

पातळ भिंतीचा खरा त्रास पुढे आहे. ती कापता कापता बदलते. तीच भिंत २ मिमी जाड असताना तिची वारंवारता १,०६७च्या आसपास असते, म्हणजे चार दातांसाठी मोकळ्या जागा १६,०००, ८,००० आणि ५,३३३ आरपीएमला. १२,००० तिथे नेमका मधोमध पडतो. पण ३ मिमीला वारंवारता १,६००, आणि १२,००० तिथे उत्तम चालतो. म्हणजे रफिंगला शांत गेलेला स्पीड मधल्या पासला किंचाळतो आणि शेवटच्या पासला पुन्हा शांत होतो. हे एकदा ध्यानात आलं की ‘मशीनचा मूड’ ही भाषा सुटते. भिंतीचं टोक, मध्य आणि कोपरा यांतही फरक असतो. कोपऱ्याला आडव्या भिंतीचा टेकू मिळतो, मध्याला काही नाही.

म्हणून माझ्या मते कटरच्या निवडीपेक्षा कापण्याच्या क्रमाला अधिक वेळ द्यायला हवा. भिंत पूर्ण उंचीपर्यंत एका बाजूने उघडी पाडायची आणि मग दुसऱ्या बाजूने पातळ करायची, हा सर्वांत वाईट क्रम आणि प्रोग्रॅमरला सर्वांत सोपा. त्याऐवजी वरून खाली थराथराने यावं. एका बाजूला एक थर, मग दुसऱ्या बाजूला तो थर, आणि तिथेच दोन्हीकडून अंतिम मापाला आणून मगच खाली उतरावं. कापला जाणारा भाग त्यामुळे नेहमी खालच्या न कापलेल्या, जाड धातूवर उभा असतो. एकदा वरचा थर मापात आला की त्याला पुन्हा कटर लावायचा नाही. त्याच कारणासाठी कटरचा शँक दातांच्या वर थोडा बारीक केलेला घ्यावा, नाहीतर तो तयार भिंतीला घासत खाली जातो. उंची जाडीच्या पंधरा पटींच्या आत असेल तर फार खटाटोप करावा लागत नाही. तीस पटींच्या पुढे बुंध्याशी जाड पायऱ्या ठेवत, बाजू बदलत, टप्प्याटप्प्याने यावं लागतं. आपली ४० बाय १.५ची भिंत सत्तावीस पटींच्या आसपास, म्हणजे सीमेवर आहे.

क्रम लावूनही आवाज उरला तर आधार द्यायचा. इथे एक गणित फार उपयोगी पडतं, आणि ते शेडमध्ये फारसं कुणी सांगत नाही. कुठल्याही स्पीडला हमखास चालेल अशी जी किमान डेप्थ असते, ती ताठपणा आणि डॅम्पिंग, म्हणजे थरथर विरवण्याची क्षमता, यांच्या गुणाकारावर ठरते. यातला ताठपणा दुप्पट करायचा तर भिंत सव्वापट जाड हवी, आणि ती तर ड्रॉइंगने ठरवून टाकलेली. डॅम्पिंगची गोष्ट निराळी. उघड्या धातूचं स्वतःचं डॅम्पिंग इतकं नगण्य असतं, की त्याला मऊ, जड असं काही चिकटवलं तरी ते दुप्पट-तिप्पट होऊन जातं. डेप्थवर दोन्हींचा परिणाम सारखाच होतो आणि खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

चांदीच्या भांड्यावर ठोकून नक्षी काढणारा कारागीर भांड्यात आधी राळ भरतो, म्हणजे पत्रा दबत नाही आणि थरथरतही नाही. पातळ जॉबच्या पोकळीत मेण ओतणं म्हणजे तेच. पॅराफिन मेण स्वस्त असतं, गरम केलं की निघतं, पण चिपच्या उष्णतेने मऊ पडतं, म्हणून कूलंट भरपूर हवं. सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळणारा मिश्रधातू त्याहून ताठ असतो आणि गरम पाण्यात सुटून येतो. त्यात शिसं आणि कॅडमियम असतं, हे मात्र विसरू नये. तो उघड्या ज्योतीवर कधीही वितळवू नये, हातमोजे आणि खेळती हवा हवीच, आणि जेवणाच्या डब्याजवळ त्याचं भांडं ठेवू नये. या विषयावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते कुणी गाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डॅम्पिंगचा परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल तर ट्रकचे ब्रेक ड्रम टर्न करणाऱ्या गॅरेजमध्ये जावं. उघडा ड्रम लेथवर चढवून आतून कट घेतला की घंटेसारखा नाद घुमतो आणि आत उभे चट्टे पडतात. मेकॅनिक ड्रमभोवती रबराचा जाड पट्टा ताणून हूक लावतो. नाद तत्क्षणी बसका होतो, कट तोच राहतो आणि चट्टे जातात. त्या पट्ट्याने ड्रमच्या ताठपणात काहीच भर घातलेली नसते, थरथरीची ऊर्जा रबराने गिळलेली असते. पातळ बुश बाहेरून टर्न करताना आतून घट्ट बसणारी रबरी नळी किंवा फोम, आणि बोअर करताना बाहेरून पट्टा, हीच युक्ती मापाच्या कामालाही चालते.

बुशचा विषय निघालाच आहे, तर पकडीबद्दलही बोलायला हवं. तीन जॉच्या चकात पातळ रिंग आवळली की ती तीन ठिकाणी आत दबते. त्या स्थितीत बोअर अगदी गोल होतो, आणि जॉ सोडल्यावर रिंग पूर्ववत होते तेव्हा गोल बोअर तीन कोपऱ्यांचा होतो. चॅटर नको म्हणून चक आणखी आवळला, की हा दोष वाढतो. इलाज म्हणजे रिंगच्या मापाला बोअर केलेले, जवळजवळ पूर्ण घेर धरणारे सॉफ्ट जॉ, किंवा शक्य असेल तर कडेला कॉलर ठेवून जॉब अक्षाच्या दिशेने दाबून धरणं. बोअर झाल्यावर बाहेरचा व्यास मँड्रेलवर. सपाट पातळ पत्र्यासाठी व्हॅक्यूम फिक्श्चर चांगलं, पण त्याची ताकद हवेच्या दाबाएवढीच, चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त एक किलो. लहान जॉब आडव्या कटने सहज सरकतो.

टूलबद्दल थोडक्यात. पातळ जॉबला टूल धारदार आणि मोकळ्या कोनाचं हवं, कारण बळच कमी केलं तर पुढची भांडणं कमी होतात. नोझ रेडियस ०.८ आणि डेप्थ ०.३ असेल तर कापण्याचं बरंचसं बळ भिंतीला आडवं ढकलतं, म्हणून फिनिशिंगला ०.४ किंवा ०.२चा इन्सर्ट घ्यावा. फीड फार कमी करू नये. टूल कापायचं सोडून घासायला लागलं की थरथर वाढते. एंडमिलचे दात असमान अंतरावर असले तर एका दाताची लाट पुढच्या दाताला ठरावीक लयीत भेटत नाही, आणि त्याचा फायदा खरा आहे. बोरिंग बार पोलादाचा असेल तर व्यासाच्या चौपट, कार्बाइडचा असेल तर सहापट यापेक्षा बाहेर काढू नये. त्यापुढे आत जड वजन रबरावर आणि तेलात तरंगतं ठेवलेले बार येतात. त्यांचं मूळ तत्त्व हर्मन फ्राम या जर्मन अभियंत्याने १९०९ साली जहाजांच्या आणि यंत्रांच्या कंपनांसाठी मांडलेलं आहे. ते बार महाग असतात, पण खोल बोअरला त्यांना पर्याय नाही.

जॉब फिक्श्चरमध्ये बसवून, रफिंग झाल्यावर, भिंतीच्या मोकळ्या कडेला प्लॅस्टिकच्या हातोडीने हलकेच टिचकी द्यायची आणि तो आवाज फोनवर घ्यायचा, ही चाचणी पुस्तकात पहिल्याच प्रकरणात आहे. टेबलावर मोकळ्या ठेवलेल्या जॉबवर ती करू नये. पकड बदलली की सूर बदलतो. एकापेक्षा जास्त काड्या दिसल्या तर ज्या जागी कटर जाणार आहे त्याच जागी टिचकी देऊन कुठली उंच आहे ते पाहावं.

टायटॅनियमची पाती आणि एकसंध चकत्या इथे थोडक्यातच आल्या आहेत, कारण त्यांना पाच अक्षांचं मशीन आणि प्रत्येक पासाला बदलणारा स्पीड लागतो. ठोकळ्यातल्या अंतर्गत ताणामुळे जॉब सुटल्यावर वाकतो, तो थरथरीचा विषय नाही, पण दोन्ही दोष एकाच नगावर येतात आणि एकमेकांच्या नावावर खपतात, म्हणून ते वेगळे कसे ओळखायचे हे शेवटून दुसऱ्या प्रकरणात दिलं आहे. सूत्रं अखेरच्या प्रकरणात एकत्र ठेवली आहेत. ज्याला गणिताचा कंटाळा आहे त्याचं काम त्यांच्यावाचून अडणार नाही. पण नवीन स्पिंडल किंवा महागडं टूलिंग घ्यायचा विचार चालला असेल, तर त्याआधी आरपीएम आणि डेप्थच्या आलेखाचं पान उघडून आपल्या नेहमीच्या जॉबची वारंवारता त्यावर बसवून पाहावी. तिला लागणारा स्पीड बऱ्याचदा आहे त्याच मशीनच्या पट्ट्यात सापडतो.